बासरीचे अकरा सेकंद

ताई: मीठ.

धाकटा: ते दिसतंय गं. काचेची बरणी आहे, आतलं मीठ बाहेरून दिसतं. वर चिठ्ठी कशाला चिकटवलीस?

ताई: साखरही दिसते. तिच्यावरही चिकटवली. बस ना, परक्यासारखा दारात काय उभा आहेस? आणि ती कात्री दे इकडे.

धाकटा: ताई, हे काय चाललंय?

ताई: चिठ्ठ्या लावणं चाललंय. बत्तीस वर्षं औषधांच्या दुकानात मी दुसरं काय केलं? हात बसलाय माझा. आता घरातल्या बरण्यांना लावते.

धाकटा: तुला काय मीठ-साखर कळत नाही?

ताई: आज कळते. रविवारी दुपारपर्यंत मला तिसरं कडवंही येत होतं.

धाकटा: …

ताई: झालास ना गप्प? सगळे असेच गप्प होतात. काल शेजारीण येऊन गेली. "छान झालं हो तुमचं गाणं" म्हणाली आणि मग सगळा वेळ कपात बघत बसली. कपात काय होतं एवढं बघण्यासारखं?

धाकटा: पहिली दोन कडवी खरंच छान झाली.

ताई: आणि तिसरं?

धाकटा: तिसऱ्यात जरा मागेपुढे झालं.

ताई: जरा? बारक्या, बासरी चालू होती आणि मी तिच्यावरच गायला लागले. ठेका आला तेव्हा माझं निम्मं कडवं संपलं होतं. शेवटी वाद्यं आपली वाजतायत आणि माझ्याकडे ओळच उरली नाही. हात जोडू की खाली बसू, काही सुचेना. समोर दीडशे माणसं. पहिल्या रांगेतली ती चष्मेवाली रुमालाआड हसत होती. तिला वाटलं, मला दिसत नाही.

धाकटा: मी म्हणूनच आलो होतो. म्हणजे, बोलायला.

ताई: चार दिवसांनी?

धाकटा: सोमवारी फोन केला होता.

ताई: एकदा वाजला आणि बंद झाला. त्याला काय फोन केला म्हणतात? बरं ऐक. हे कुणाला सांगू नकोस. रविवारी घरी आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. टॅब उघडला आणि तेच गाणं लावलं.

धाकटा: लावून बघितलंस?

ताई: मग? बघायला नको? मला वाटत होतं, टॅबवर उजळणाऱ्या तुझ्या ओळींमध्येच काहीतरी गडबड असणार. खरं सांगू? मनातल्या मनात म्हणत होते, असू दे गडबड. बारक्याला चार शिव्या घालीन आणि मोकळी होईन. पण नाही. बासरी वाजली, पूर्ण वाजली, आणि मगच ओळ उजळली. जिथे उजळायला हवी तिथेच. तीनदा लावलं. तीनदा बरोबर.

धाकटा: किती वाजता लावलंस?

ताई: हा काय प्रश्न झाला? साडेसात-आठ असतील. हॉलमध्ये सगळ्यांचा निरोप घेऊन आले ना मी. तू डोकं दुखतंय म्हणून आधीच सटकलास.

धाकटा: हो.

ताई: तेव्हा माझ्या लक्षात आलं. ओळ बरोबर वेळेला येत होती आणि मला भलत्या वेळेला दिसली. डोळ्यांसमोर नसलेली गोष्ट दिसायला लागली की त्याला विसरणं म्हणत नाहीत बाबा. त्याला दुसरं नाव आहे. त्याच्या गोळ्या मी लोकांना रोज बांधून द्यायचे.

धाकटा: ताई, तसं काही नाहीये.

ताई: तुला काय माहीत?

धाकटा: मला माहीत आहे.

ताई: तुझं प्रेम आहे ते. राहू दे. तुझी फाइल म्हणजे काय साधी गोष्ट आहे? जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेस, वजनांवर शिक्के मारलेस. तुझं माप कधी चुकलंय?

धाकटा: ऐक ना, मला जरा—

(दाजी आत येतात, हातात प्लास्टिकची पिशवी.)

दाजी: अरे वा, मेहुणे! बरं झालं आलात. उद्या अकराची वेळ मिळाली बघा. मोठ्या डॉक्टरांचीच. महिना महिना मिळत नाही म्हणतात, पण कुणीतरी रद्द केली, आपण घुसलो. मेंदूचा फोटो काढतील, थोडे प्रश्न विचारतील. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असलं काय काय.

ताई: त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर.

दाजी: बघा, येतंय की! उगाच घाबरते. आणि मेहुणे, तुमचे आभार मानायचे राहिलेत.

धाकटा: माझे कशाला?

दाजी: माझ्यापासूनसुद्धा लपवलं हिने. गाताना समोर तो टॅब कशाला, तर म्हणे वाद्यांचा ट्रॅक वाजवायला. त्यात ओळी येतात हे मला रविवारनंतर कळलं. अजूनही नीटसं कळलेलं नाही. त्या ओळींना कसं कळतं कधी यायचं ते?

धाकटा: साधी फाइल असते दाजी. गाण्याचे शब्द लिहायचे आणि प्रत्येक ओळीच्या आधी कंसात वेळ टाकायची. किती मिनिटं, किती सेकंद, सेकंदाचा शंभरावा भाग. गाणं वाजायला लागलं की प्लेअर ती वेळ बघतो आणि तेवढी ओळ उजळतो.

दाजी: आणि ती वेळ तुम्ही टाकता?

ताई: बटण दाबून. गाणं ऐकत बसायचं, ओळ सुरू झाली की दाबायचं. चारशे गाणी केलीत त्याने. लोक कुठून कुठून उतरवून घेतात.

दाजी: शंभरावा भाग! कमाल आहे बुवा. माझी तर मिनिटांची मारामार. हां, तर सरांचा फोन आला होता मघाशी. गाण्याच्या क्लबचे सर. फार हळहळत होते. पुढच्या महिन्याचं गाणं दुसऱ्या बाईंना दिलंय, वहिनींना विश्रांती घेऊ दे म्हणाले. आणि म्हणाले, रविवारी मी तिथल्या तिथे त्यांच्या भावाला विचारलं, तेव्हा तोच म्हणाला, ताईंचं वय झालंय, हल्ली विसरतात. बरं झालं हो तुम्ही बोललात. आम्ही आपले डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो. काय गं, काय झालं?

ताई: काही नाही. तुम्ही ते जुने रिपोर्ट शोधत होतात ना? पलंगाखालच्या पेटीत आहेत. अगदी तळाशी.

दाजी: पेटीची किल्ली माझ्याकडेच आहे. आणि हे बघ, शेगडीला हात लावू नकोस. चहा मी करीन.

ताई: जा तुम्ही.

धाकटा: ताई.

ताई: हळू बोल. ते कानोसा घेत असतील.

धाकटा: माझं तोंड उघडायचं धाडस होत नाहीये.

ताई: सरांसमोर तर बरं उघडलं. याच टेबलाशी म्हणाले होते ना मी तुला? एखादी ओळ अडकते रे कधीकधी, समोर दिसली की धीर येईल. यांनासुद्धा सांगू नकोस, काळजी करत बसतील. काय म्हणाला होतास?

धाकटा: की मेलो तरी सांगणार नाही.

ताई: जिवंत आहेस की चांगला.

धाकटा: ताई, मला त्याहून वाईट सांगायचंय.

ताई: त्याहून वाईट आता काय असणार आहे?

धाकटा: रविवारी फाइल चुकलेली होती.

ताई: नको.

धाकटा: काय नको?

ताई: मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. मी स्वतः बघितली. तीनदा.

धाकटा: तू बघितलीस ती दुरुस्त केलेली. मी आधी निघालो ना, डोकं दुखतंय म्हणून? डोकंबिकं काही दुखत नव्हतं. घरी गेलो आणि फाइल बदलली. आपल्या दोघांच्या फाइली एकाच जागी असतात, माझ्याकडे बदललं की तुझ्या टॅबवर आपोआप बदलतं. तू येईपर्यंत बदललं होतं.

ताई: परत सांग.

धाकटा: हॉलमध्ये ओळ चुकीच्या जागी आली. तुला दिसली ती तशीच आली होती. तुझे डोळे बरोबर होते. मी घरी जाऊन ती नीट केली, कुणाला कळू नये म्हणून. तू घरी येऊन लावून बघशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ताई: ती कात्री बाजूला ठेव. माझ्या हातात नको आत्ता.

धाकटा: ठेवली.

ताई: चुकली कशी?

धाकटा: शनिवारी सरांनी ट्रॅक बदलला. तुझ्या पट्टीतला नवीन आणला.

ताई: हो. संध्याकाळी तू म्हणालास, नवीन फाइल तयार आहे, ऐकून तपासलीय.

धाकटा: ऐकली नव्हती. जुनी फाइल जुन्या ट्रॅकला बरोबर होती. नव्या ट्रॅकला सुरुवातीचं वादन चार सेकंदांनी जास्त होतं. फाइलच्या डोक्यावर एक आकडा असतो, तो बदलला की सगळ्या ओळी एकदम मागेपुढे सरकतात. मी चार सेकंद सरकवल्या, पहिली ओळ जुळलेली बघितली आणि बंद केलं. तिसऱ्या कडव्याआधीची बासरी नव्या ट्रॅकमध्ये अकरा सेकंदांनी मोठी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

ताई: पाच मिनिटांचं गाणं आहे रे.

धाकटा: पाच मिनिटं सात सेकंद.

ताई: तेवढंही बसवलं नाही तुला?

धाकटा: कंटाळा आला. तुला म्हणून सांगतो, मी हल्ली गाणी ऐकतच नाही. लोक म्हणतात, काय अचूक काम आहे. ते म्हणायला लागल्यापासून मी ऐकायचंच सोडलं. आकडे सरकवतो.

ताई: आणि हॉलमध्ये तुला कधी कळलं?

धाकटा: बासरी चालू असताना ओळ उजळली तेव्हाच. मी बाजूच्या दारात उभा होतो. तू श्वास घेतलास आणि मला कळलं, ही आता गाणार.

ताई: ओरडायचं होतंस.

धाकटा: हो.

ताई: नाही ओरडलास, ठीक. पण नंतर? सर आले तुझ्यापाशी, तेव्हा?

धाकटा: त्यांनी विचारलं, ओळींचं काही बिघडलं का? चार माणसं होती त्यांच्याबरोबर. ती चष्मेवालीपण. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

ताई: निघून गेलं नाही. तू काढलंस.

धाकटा: मी काढलं.

ताई: तिथे उभं राहून, माझ्याच माणसाने. आणि मी पलीकडच्या खोलीत तोंड धूत होते आणि म्हणत होते, निदान बारक्या आहे, तो सांभाळून घेईल.

धाकटा: मला लाज वाटते ताई. चार दिवस मी आरशात बघून दाढी केली नाही.

ताई: दिसतंय. बोकड झालायस. आता माझं ऐक. सोमवारी मी शेगडी बंद केली की नाही ते बघायला सहा वेळा स्वयंपाकघरात आले. मंगळवारी यांनी माझ्याकडून घराची किल्ली काढून घेतली. हळूच, मला वाईट वाटू नये म्हणून. मी दिली. काल मुलीचा फोन आला, तर ती एकेक शब्द सावकाश बोलत होती, लहान मुलाशी बोलतात तसं. आणि मीही तशीच उत्तरं देत होते. चार दिवसांत माणूस वेडा व्हायला शिकतो, माहीत आहे?

धाकटा: मी सोमवारीच यायला हवं होतं.

ताई: विसरते मी, ते खोटं नाही. अडतात ओळी. पण किती विसरते, ते मला कळायला हवं होतं. तेवढंच तर हातात होतं माझ्या. तू माझं मापच बिघडवून टाकलंस. वजनांवर शिक्के मारणारा माणूस तू. रडू नकोस. तू रडलास की मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि आज मला ती घालायची नाहीये.

धाकटा: नाही रडत.

ताई: आणि एक सांगू? शनिवारी त्या नव्या ट्रॅकवर मी एकदा म्हटलं होतं. सरांसमोर, ओळी नसताना. बरोबर म्हटलं. बासरी लांबली तर थांबले मी. रविवारीसुद्धा कान सांगत होता, थांब, अजून वेळ आहे. पण समोर तुझी ओळ उजळली. मी म्हटलं, बारक्याचं कसं चुकेल? कानाचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं.

दाजी: सापडले बाबा रिपोर्ट! पार तळाशी होते. काय हो, दोघांचे चेहरे असे का?

ताई: याला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. सांग.

धाकटा: ताई, तू सांग ना.

ताई: मी का? माझं काही चुकलेलं नाही.

धाकटा: दाजी, रविवारी ताई चुकली नाही. ओळींच्या वेळा मी चुकवल्या होत्या. घरी जाऊन गुपचूप दुरुस्त केल्या. आणि सरांसमोर तिच्यावर ढकललं.

दाजी: म्हणजे तिला भलतंच दिसलं वगैरे?

धाकटा: जे होतं तेच दिसलं.

दाजी: अहो, मी हिच्या हातातून किल्ली घेतली हो. शेगडीचा खटका रोज तीन-तीन वेळा तपासतोय. परवा ही दूध उतरवत होती, तर मी मागे उभा होतो. हात पुढे करून.

ताई: दिसत होतं मला.

दाजी: दिसत होतं? मग बोलली का नाहीस?

ताई: मला वाटलं, तुमचं बरोबर असेल.

दाजी: ही घे. घे किल्ली. तुमच्याशी काय बोलावं मेहुणे, मला सुचत नाही. सुचलं की बोलीन.

धाकटा: बोला. मी ऐकीन.

ताई: आधी सरांना फोन लाव. मला परत घ्या म्हणून गयावया करायची नाही. त्या दुसऱ्या बाईंना गाऊ दे, चांगल्या गातात त्या. फक्त जे झालं ते सांगायचं. आमच्यासमोर.

धाकटा: आत्ता?

ताई: नाही, पंचांग बघून.

धाकटा: … हॅलो, सर? मी बोलतोय, ताईंचा भाऊ. हो. नाही, तब्येत चांगली आहे तिची. सर, रविवारी तुम्ही मला विचारलंत, ओळींचं काही बिघडलं का. तर बिघडलं होतं. माझ्याकडून. … नाही, तिची काही चूक नव्हती, ती समोर दिसलं ते गायली. … हो, तेव्हा मी तसं बोललो. खोटं बोललो. … सर, त्या दिवशी जे चार जण उभे होते, त्यांनाही सांगाल का? … नाही, बरोबर आहे तुमचं. माझं मीच सांगतो. नंबर द्या. … ठेवतो.

दाजी: काय म्हणाले?

धाकटा: म्हणाले, तुम्ही केलेली सगळी गाणी आता एकदा तपासून घ्यावी लागतील.

ताई: लागतीलच.

दाजी: मग उद्याच्या डॉक्टरांचं काय करायचं? रद्द करू?

ताई: कशाला? महिना महिना मिळत नाही ना वेळ? जाऊ या. पण जे आहे तेवढंच सांगू, वर एक तोळाही जास्त नाही.

दाजी: आणि या चिठ्ठ्या? काढू?

ताई: साखरेची काढा. मिठाची राहू द्या. गेल्या वर्षी मीठ घातलेला चहा कुणी केला होता?

दाजी: तेव्हा चष्मा नव्हता.

धाकटा: ताई, मी निघू?

ताई: कुठे निघालास? टॅब घे. तिसऱ्या कडव्याला तू अकरा सेकंद मिळवलेस. हे अकरा तुला कुठून कळले?

धाकटा: जुना ट्रॅक चार मिनिटं बावन्न. नवा पाच मिनिटं सात. पंधराचा फरक. चार सुरुवातीचे, उरले अकरा.

ताई: म्हणजे तेव्हाही ऐकलं नाहीस.

धाकटा: नाही.

ताई: एवढा तमाशा होऊनही?

धाकटा: तेव्हा तर अजिबात हिंमत नव्हती. तू जिथे अडकलीस ती जागा ऐकायची.

ताई: सगळ्या वेळा पूस. ओळी राहू दे, कंस रिकामे कर.

धाकटा: पुसल्या.

ताई: आता तो टॅब तुझ्याकडे वळव. मला दिसता कामा नये. लाव गाणं. मी म्हणते, तू दाब. मी विसरले तर विसरले, तेही बघू दे यांना. तुम्ही बसा हो, उभे राहून हात पुढे करू नका.

दाजी: बसलो.

ताई: "उंबऱ्याशी ठेवुनी गेलीस पाऊल ओले…"

धाकटा: दाबलं.

ताई: बोलू नकोस, नुसतं दाब. "वाळले ते, तरी पुसाया हात ना धजावले…"

धाकटा: …

दाजी: पहिलं झालं. दुसरंही येतंय की गं.

ताई: शू.

धाकटा: ताई, दुसरं संपलं. आता तिसरं.

ताई: माहीत आहे.

धाकटा: दाबू?

ताई: हात उचल बारक्या. अजून बासरी आहे. ऐक.